अलगद

फरशी ओली होती, एवढंच. सफाईवाली बाई नुकतीच पोछा मारून गेली होती, तिची बादली लिफ्टशेजारी तशीच होती, आणि मास्तर रोजच्यासारखे सकाळचं दूध नि पाव घेऊन इमारतीत शिरत होते. डाव्या टाचेखालची जमीन निसटली. अंग मागे गेलं, आणि उजवा हात मागे जाऊन फरशीवर टेकला. काहीही झालं तरी हात मागे टेकायचा नाही, हे ज्या हाताने दुसऱ्यांचे हात धरधरून आयुष्यभर शिकवलं, तोच हात. एखाद्या घाबरट, अडाणी माणसाचा असावा तसा. मनगटात वाळकी काटकी मोडावी तसं काहीतरी वाजलं. दुधाची पिशवी फुटली आणि पांढरा ओघळ त्यांच्या मांडीखालून बादलीच्या दिशेने निघाला.

"अगं बाई! आजोबा, लागलं का हो?" दुसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली बाई धावत आली. आजोबा हा शब्द त्यांना या देशात पहिल्यांदाच कुणी म्हटला होता. तेवढ्यात वॉचमन पोचला. "आजोबा काय म्हणता, हे आपले जपानी मास्तर," तो बाईला कौतुकाने म्हणाला. "लोकांना पडायला शिकवतात." म्हणून झाल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि तो घाईघाईने बादली उचलायला वळला. त्याची पाठ हसत होती. मास्तर स्वतःच उठले, बाईला वाकून नमस्कार केला, आणि लिफ्टमधल्या आरशाकडे न बघता वर गेले.

घरात कुणी नव्हतं. बायको सकाळी दवाखान्यात जायची. नर्सची नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण सवय सुटत नाही म्हणून अजूनही दोन तास मदत करून यायची. मास्तरांनी मनगट नळाखाली धरलं. दुखत होतं, पण दुखण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. दुखणं हा त्यांचा जुना बिऱ्हाडकरू. त्यांना वाटत होतं ते वेगळंच. हात मागे गेला तो क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत होता, आणि दरवेळी ते त्या हाताला मनातल्या मनात हटकत होते, तू कोण? घरात एखादा अनोळखी माणूस आपल्याच खुर्चीत बसलेला दिसावा तसं वाटत होतं. फेकायला काय, बैलही शिंगावर घेऊन माणसाला फेकतो, त्यांचे गुरू म्हणायचे. पडणं ही आपल्या घराण्याची विद्या. जपानमधल्या आखाड्याच्या त्या थंडगार लाकडी दालनात पहिलं सबंध वर्ष त्यांना दुसरं काहीच शिकवलं गेलं नव्हतं. पुढे पड, मागे पड, उठ, पुन्हा पड. रात्री झोपेत कूस बदलतानाही हात बरोबर पडायचा. आणि गुरू स्वतः पडत तेव्हा आवाज होत नसे. पाणी उतारावर जातं तसे ते जमिनीशी जात. कसं, असं विचारलं तर म्हणत, अजून तुझ्यात पडायची इच्छा नाहीये, म्हणून आवाज होतो.

तिकडे तेव्हा सगळी तरुण मुलं गुणांच्या आणि पदकांच्या खेळामागे लागली होती. म्हाताऱ्याकडे शेवटी हे एकटेच उरले. "परदेशात जा," गुरू म्हणाले, "तिथे कुणाला काहीच येत नसेल. म्हणजे आधीचं विसरायला लावायची कटकट नाही." निघायच्या दिवशी त्यांनी मास्तरांना पुढ्यात उभं केलं नि सांगितलं, फेक मला. मास्तरांनी फेकलं. हातचं काही राखून न ठेवता, सगळ्या अंगाने, जसं शिकवलं होतं तसं. म्हातारा बराच वेळ छताकडे बघत पडून राहिला. त्याच्या बरगड्यांना इजा झाली होती हे मास्तरांना फार उशिरा, दुसऱ्या कुणाकडून तरी कळलं. पण त्या वेळी तो तोंडभर हसला होता, भूक भागल्यावर माणूस हसतो तसा.

या शहरात आले तेव्हा त्यांना भाषेचा ओ की ठो येत नव्हता. ज्या घरी खोली घेतली होती, त्या घरच्या मुलीने त्यांना बोलायला शिकवलं. ती बोलायची तसं हे बोलायचे, त्यामुळे पहिलं वर्षभर ते भर वर्गात, खांद्यावर दणकट गडी उचलून धरलेला असताना, "आता मी टाकते हं" असं म्हणायचे आणि गडी हसून हसून वरच्या वर ढिला पडायचा. तुम्हीची क्रियापदं जमेनात म्हणून तिने त्यांना आधी तू शिकवलं, आणि मग लग्न झालं तरी दोघं एकमेकांना तूच म्हणत राहिली. तिच्या माहेरच्या म्हाताऱ्यांना ते कधी पचलं नाही. वर्ग वाढला. पोरं सुरुवातीला त्यांना सेन्सेई म्हणायची. तो शब्द तोंडात घोळून घोळून झिजला आणि केव्हातरी त्याचा सर झाला. मास्तरांनी तेही चालवून घेतलं. कितीतरी गोष्टी चालवून घेतल्या. लोकांना पट्ट्यांचे रंग हवे होते, दिले. लोकांना लवकर फेकायला शिकायचं होतं, तेवढं मात्र दिलं नाही. माणसं यायची, महिना-दोन महिने नुसतं पडून कंटाळायची, जायची. राहिली ती मूठभर. पण ती खरी, असं ते बायकोला सांगायचे. मूठभर असली म्हणून काय झालं, खरी आहेत.

आणि गेल्या काही वर्षांत तर त्यांना एक असं सुख मिळालं होतं जे त्यांनी फक्त बायकोजवळ बोलून दाखवलं होतं. घराण्याचा रिवाज असा, की वर्ग संपताना प्रत्येकाने एकदा गुरूला फेकायचं. मास्तर रोज त्या मूठभरांच्या हातून पडत. एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपल्या पडण्याचा आवाज होत नाही. अंगाला जमीन लागते ती जणू कुणी गादी वर उचलून आणून दिल्यासारखी. त्या संध्याकाळी ते घरी आले ते पोरासारखे. "मला जमलं," ते म्हणाले होते. "म्हाताऱ्याचं होतं ना, तसं. पाण्यासारखं. मला वाटलं होतं या जन्मी काही जमत नाही." बायको भाजी चिरत होती. ती हसली आणि म्हणाली, "बरं झालं बाई." त्यानंतर आयुष्यात काही कमी आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. तिकडची शाळा बंद पडली, गुरू गेले, पण ती गोष्ट इकडे, या परक्या जमिनीवर, त्यांच्या अंगात येऊन राहिली होती. मग सकाळी ती कुठे होती? ओल्या फरशीवर, ऐन वेळी, ती कुठे गेली होती?

दुपारी बायकोने मनगट बघितलं. "काय झालं?"

"दारात सापडला."

तिने सुजेवर दोन बोटं टेकवली, त्यांच्याकडे एकदा बघितलं, आणि काही न विचारता पट्टी बांधली. "आज जाऊ नकोस," ती म्हणाली. ते गेले.

वर्गाची जागा एका सोफे बनवणाऱ्या कारखान्याच्या वर होती. जिन्यात सदानकदा सरसाचा नि नव्या कापडाचा वास. मास्तरांनी पोशाखाची बाही पट्टीवर ओढून घेतली. वर्गभर ते तोंडी सूचना देत राहिले, कुणाला हात लावला नाही, आणि सगळा वेळ ते गाद्यांच्या कडेबाहेर, भिंतीला पाठ लावून उभे राहिले. त्याला काय म्हणतात ते त्यांना ठाऊक होतं. नव्याने आलेल्या माणसांच्या डोळ्यांत त्यांनी ते शेकडो वेळा बघितलं होतं, आणि पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, जमीन काही खात नाही. आता ते स्वतः घड्याळाकडे बघत होते. शेवटची फेक आली. पहिला मान दातांच्या डॉक्टरचा. तो त्यांचा सगळ्यात जुना शिष्य, कॉलेजात असताना आलेला, आता कानशिलावर पांढरा झालेला, रेड्यासारखा ताकदवान आणि बोलायला गाय. त्याने वाकून नमस्कार केला, पुढे येऊन त्यांची कॉलर धरली.

भीतीने माणूस जागा होतो. मास्तर आज इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पडताना पूर्ण जागे होते. एरवी ते डोळे अर्धवट मिटून स्वतःच्या आतलं पाणी ऐकत असायचे. आज त्यांना डॉक्टरची कंबर जाणवली, तो वळला ते जाणवलं, आपले पाय सुटले ते जाणवलं. आणि मग अगदी वर, जिथून खाली यायचं त्या टोकाला, त्यांना जाणवलं की डॉक्टरचा डावा हात त्यांच्या पाठीखाली आला आहे. डॉक्टरचा गुडघा दुमडतो आहे. डॉक्टर श्वास रोखून त्यांचं सगळं वजन स्वतःच्या कमरेवर घेतो आहे आणि झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा त्यांना गादीवर ठेवतो आहे. आवाज झाला नाही.

ते तसेच पडून राहिले. छतावरची नळीची पांढरी लाईट फडफडत होती. डॉक्टरने उठवायला हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.

"कधीपासून?"

"काय सर?"

"हे असं. ठेवतोस मला. कधीपासून?"

डॉक्टर हात मागे घेऊन स्वतःच्या पट्ट्याची गाठ चाचपू लागला. तो रोज लोकांना तोंड उघडा म्हणतो, त्याचं स्वतःचं तोंड मात्र घट्ट मिटलेलं. मास्तर उठून बसले आणि बाकीच्यांकडे बघितलं. भिंतीकडेला रांगेत बसलेल्या सगळ्यांच्या माना खाली. एकाचीही वर नाही. भूमिती शिकवणारी एक शाळेतली बाई याच वर्षी येऊ लागली होती. धीट, फटकळ, कोनांवरून त्यांच्याशी वाद घालणारी. मास्तरांनी तिला बोटाने पुढे बोलावलं. "तू फेक. खरं फेक."

ती जागची हलली नाही. "नाही जमणार, सर."

"का?"

"मला पहिल्याच दिवशी सांगितलंय." तिने डॉक्टरकडे बघितलं आणि मग एकदम बोलून टाकलं, "सगळ्यांनाच सांगतात. सरांना हळू. तुमची कंबर धरली होती ना मागे, तेव्हापासूनचा नियम आहे म्हणे. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

माहीत असेल. मास्तरांना तो शब्द पहिल्यांदा ऐकावा तसा अनोळखी वाटला. कंबर धरली होती, त्यानंतरच तर. त्यानंतरच तर आवाज थांबला होता. त्यांना आतून काहीतरी जिना उतरत गेल्यासारखं वाटलं, एकेक पायरी, आणि शेवटच्या पायरीवर ते स्वतः उभे होते, घरी येऊन बायकोला सांगणारे: मला जमलं. डॉक्टर गुडघ्यावर बसून काहीतरी म्हणत होता, सर, तुमच्यावरच्या मायेपोटी, सर. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हाच माणूस. याला आपण काय शिकवलं? की ज्याच्याबद्दल माया आहे त्याला पूर्ण फेकायचं, त्याच्याशी खोटं वागायचं नाही, त्याची जमीन त्याच्यापासून लपवायची नाही. तेवढं एकच होतं. बाकी सगळं हातापायांचं. तेवढं एकच हातात धरून ते एवढ्या लांब आले होते.

"फेक," ते डॉक्टरला म्हणाले. "आता फेक. सगळ्या ताकदीने."

"सर, पाया पडतो."

"फेक!"

डॉक्टरने कॉलर धरली, वळला, आणि त्याचे खांदे गदगदू लागले. हात सुटले. तो मास्तरांच्या पायाशी मटकन बसला. "माझ्याच्याने नाही होत," तो म्हणाला. मास्तरांनी मग रांगेतल्या एकेकाला हाक मारली. दोघं आले आणि परत गेले. तिसऱ्याला हाक मारायला त्यांचं तोंड उघडलं, आणि त्यांना आपलाच आवाज ऐकू आला, मला मारा रे कुणीतरी, असं दारोदार मागणाऱ्या माणसाचा. त्यांनी तोंड मिटलं. "उद्यापासून वर्ग बंद," ते म्हणाले. कुणी हललं नाही. जाताना त्यांचं गाद्यांना नमस्कार करायचं राहिलं, आणि ते जिन्यात लक्षात येऊनही ते परत वळले नाहीत.

घरी बायको दारातच उभी होती. डॉक्टरचा फोन आला असणार. ते बूट न काढता आत येऊन बसले.

"मी सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली. "डॉक्टरचा दोष नाही. मीच गेले होते त्याच्याकडे. तो नाही म्हणत होता."

"तू मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?"

"नाही."

"मग? खुबा मोडलेली माणसं मी आयुष्यभर उचलली रे. तुझ्याच वयाची. चालत येतात, नि मग उठत नाहीत. तू या देशात विद्या आणलीस, ठीक आहे. मी या घरात माणूस आणला. ज्याने त्याने आपापलं सांभाळलं."

"मी तुला सांगितलं होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी. मला जमलं म्हणून. तू भाजी चिरत होतीस. तुला माहीत होतं."

तिने खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. "तू इतका खूश होतास," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं, होऊ दे. कुणाचं काय जातंय."

कुणाचं काय जातंय. त्यांनी उत्तर द्यायला शब्द शोधले. या भाषेत शोधले, मग त्यांच्या भाषेत शोधले. त्यांच्या भाषेतला शब्द आठवेना. तिकडचा शब्द आणि तिकडे पडायला शिकलेला तो हात, दोन्ही एकाच घरातून निघून गेले होते, न सांगता.

मग दिवस गेले. संध्याकाळ झाली की त्या वेळेला त्यांचं अंग आपोआप सावध व्हायचं, खांदे सैल सुटायचे, आणि जायला कुठेच नसल्यामुळे ते घरातल्या घरात फिरायचे. खिडकीशी उभे राहून खालच्या पदपथावरून चाललेली माणसं बघायचे. सगळी न पडता चालत होती. ते अंथरुणावर बसून स्वतःला मागे सोडून बघायचे. हात दरवेळी आधी जायचा. गादी होती, खाली उशी होती, तरी जायचा. तो आता घाबरायला शिकला होता, आणि त्याला विसरायला लावायचं कसं ते मास्तरांना माहीत नव्हतं, कारण आधीचं विसरायला लावायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. कधी वाटायचं, बरगड्या मोडून हसणारा तो म्हाताराच वेडा असेल. कधी वाटायचं, आपण इथे जे लावलं ते उगवलंच नाही, त्याच जागी दुसरंच काही उगवलं, मऊ, प्रेमळ, आणि त्यांच्या काहीच कामाचं नसलेलं. बायको जेवायला वाढायची, तेही जेवायचे. एकमेकांशी ते चांगलं वागत होते. त्या चांगलं वागण्याने त्यांचा जीव गुदमरायचा. प्रत्येक गोष्ट हातावर ठेवताना ती अलगद ठेवत होती, आणि त्यांना आता प्रत्येक ठेवणं कळत होतं.

"जाऊन निदान बोल तरी त्यांच्याशी," ती एका संध्याकाळी म्हणाली. "डॉक्टर दातांऐवजी लोकांच्या हिरड्याच टोचत असेल. चल, ऊठ." ते उठले. मनगटाची सूज उतरली होती. वाटेत त्यांनी ठरवलं की काही बोलायचं नाही. दार उघडायचं, गाद्या घालायच्या, पडण्यापासून पुन्हा सुरू करायचं, स्वतःसकट. म्हातारपणी शिकाऊ व्हायचं. याला तरी कुणाची ना असायचं कारण नाही.

जिन्याच्या पहिल्याच वळणावर ते थबकले. वर कुणीतरी पडलं होतं.

भिंत हादरली, कठड्यावर टेकलेल्या हाताला कळली. पुन्हा. आणि पुन्हा. एकाच दणक्यात, सगळं अंग एकदम, चामड्याच्या मोठ्या ढोलावर तळहात पडावा तसं. मास्तर भिंतीला धरून वर गेले. दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टरने भूमितीच्या बाईला कमरेवर घेतलं होतं, आणि पाठीखाली हात वगैरे काही नव्हतं. त्याने तिला अख्खी, हातचं काही न राखता, जमिनीला देऊन टाकली. ती आपटली, उठली, तोंडावरचे केस मागे सारत पुढे आली, आणि स्वतःच्या दुप्पट वजनाचा तो माणूस तिने असा काही उलथवला की मास्तरांच्या तोंडून हुंकार निघता निघता राहिला. कोन बरोबर होता. सगळ्यांचे सगळे कोन बरोबर होते. कुणाच्या तोंडावर दया नव्हती. सगळ्या चेहऱ्यांवर घाम होता आणि ते एक, भुकेचं, स्वच्छ काहीतरी होतं, जे त्यांनी पूर्वी फक्त एकाच दालनात बघितलं होतं आणि इथे कधीच बघितलं नव्हतं. कारण इथे ते स्वतः हजर असायचे. आपण दारातून आत यायचो तेव्हा ही सगळी हात आखडून उभी राहत असणार. आपल्यासमोर एकमेकांनाही सांभाळून टाकत असणार, सर बघतील, सरांना कळेल म्हणून. आणि आता, आपण येईनासे झाल्यावर...

त्यांचा हात दाराला लागला होता. ढकललं असतं तर पुरे होतं. डॉक्टर वळला असता, त्याचा चेहरा उजळला असता, सगळे गुडघ्यांवर बसले असते, आणि त्यानंतरची पहिली फेक हळू पडली असती. मास्तरांनी हात काढून घेतला आणि पावलांचा आवाज होऊ न देता जिना उतरले.

खाली सोफेवाल्या कारागिराच्या तोंडात चुका, कापड ठोकायचे बारीक खिळे, धरलेल्या. त्याने त्यांना बघून त्या हातात काढल्या. "या मास्तर! आता असे खाली कुठे? वर तुमचा नुसता धुडगूस चाललाय. चार दिवस झाले, छत हलतंय माझं. एवढ्या वर्षांत असा आवाज नव्हता कधी."

"त्रास होतो?"

"त्रास काय, धूळ पडते कापडावर. झाकून ठेवतो." त्याने नुसत्या लाकडी सांगाड्याच्या एका खुर्चीवर फळी टाकली. "बसा. तुम्ही नाही गेलात वर?"

मास्तर बसले. वर कुणीतरी पडलं, दिव्याभोवती धूळ हलली आणि सावकाश खाली येऊ लागली.

"मी गेलो की थांबतं ते," मास्तर म्हणाले.

कारागिराला ते कळलं नाही. तो हसला, चुका पुन्हा ओठांत धरल्या आणि हातोडी उचलली. वर पुन्हा दणका झाला. आता डॉक्टर पडला होता, वजनावरून कळत होतं. मास्तर मान वर करून बसून राहिले. धूळ त्यांच्या केसांवर आणि खांद्यांवर पडत होती, आणि ते ती झटकत नव्हते.